लेकीच्या मापाचं घर

३ फेब्रुवारी

काय गं वही, विसरलीस ना? काल एवढं तोंड चालवलं, शशिकलाने पान भरून लिहिलं, आणि आज सकाळी तुला उघडून बघते तर तुझ्या तोंडून एक शब्द नाही! नुसत्या काळ्या मुंग्या. माझ्या म्हाताऱ्या डोक्यात राहतं ते तुझ्या एवढ्या पानांत राहत नाही म्हणजे कमाल आहे. शशिकला म्हणते, "भागीबाय, ती विसरली नाय. तुला वाचता येत नाय." असेल. पण उघडल्यावर जी बोलत नाही तिला मी विसरभोळीच म्हणणार.

तर परत सांगते, नीट ऐक. मी भागी. आमची वाडी पळस्प्याच्या पुढे, आपट्याकडे जाताना डोंगराच्या कडेला. शशिकला आमच्या अंगणवाडीची बाई. पोरांची खिचडी उरकली की माझ्या ओट्यावर येते. आली होती मला अक्षरं शिकवायला! मी म्हटलं, या वयात मुंग्या पाळू? तू लिही, मी बोलते. तेव्हापासून तिचा वर्ग असा उलटा चाललाय. माझं बोलणं ती धुऊन वाळवून लिहिते, ते मला कळत नाही असं तिला वाटतं.

बातम्या दोन. घरकुल मंजूर झालं, माझ्या नावावर. दोन लाख. एकदम नाही, तुकड्यातुकड्याने. जोतं झालं की फोटो काढतात, मग थोडे. भिंती झाल्या की परत फोटो, परत थोडे.

दुसरी बातमी तिच्याहून मोठी. माझ्या रूपाला दिवस गेलेत. सहावा सरत आलाय. आणि मला कळलं काल!

४ फेब्रुवारी

रूपा माझी शेंडेफळ. कामोठ्यात असते, भाड्याच्या खोलीत, नवरा-बायको दोघंच. नवरा परेश सेंट्रिंगचं काम करतो. म्हणजे इमारतीचा स्लॅब ओतायच्या आधी खाली पत्र्याच्या प्लेटा लावतात, टेकू देतात, ते. दुसऱ्यांच्या डोक्यावर छप्पर चढवून चढवून त्याचंच डोकं चढलंय.

लग्नानंतर रूपा एकदाही वस्तीला राहिली नाही. येते ती दुपारी, जाते ती दिवेलागणीच्या आत. आज फोनवर म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी, ठरलं. तर मागून जावई बोलले, "मामी, कुडाच्या घरात मी बाळंतीण पाठवणार नाय. स्लॅब घाला, दुसऱ्या दिवशी आणून सोडतो."

माझ्या घराच्या भिंती कारवीच्या आहेत, वर शेणमातीचं लिंपण. सहा माणसं त्यात मोठी झाली. एकही मातीचं निघालं नाही.

रूपाने फोन तसाच धरून ठेवला होता. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

७ फेब्रुवारी

माझा सुदाम, रूपाचा थोरला भाऊ, आज पनवेलला जाऊन आला. चार दुकानं फिरून घरांचे भाव काढून आला. ओट्यावर बसून सांगायला लागला, जशी काय बाजारातली मासळी!

"आये, ऐक. विटांच्या भिंती नि वर पत्रा, तर पावणेदोन लाखांत बसतं. स्लॅब घातला तर तीन. आपलीच मेहनत धरली तर अडीच."

"आणि कुड?"

"कुडाला सरकार पैसे देत नाय."

"देऊ दे, न देऊ दे. भाव सांग."

सुदाम हसला. म्हणाला, "साठ-सत्तर हजार."

मी उडालेच! कुडाच्या घराला पैसे? माझं लग्न झालं तेव्हा सासऱ्यांनी घर बांधलं, त्याला खर्च काय आला? दोन शेर गूळ, तांदळाची भाकर आणि एक कोंबडा. कारवी डोंगरावर. शेण गोठ्यात. सगळी वाडी लिंपायला आली, बाया आतून, पुरुष बाहेरून, आणि मधल्या फटीतून एकमेकांची थट्टा. 

सुदामने बोटं मोजली. कारवी आता तोडू देत नाहीत, गार्ड धरतो. विकत घ्यायची. गुरं वाडीत उरली नाहीत, शेण तबेल्यावरून गोणीच्या हिशेबाने आणायचं. लिंपायला येतो कोण? सगळे कामावर. त्यांचा खाडा झाला तर दिवसाचा रोज द्यावा लागेल.

म्हणजे बघ वही, गरिबाचं घर पण महागलं. आणि थट्टा तर कुठल्याच दुकानात मिळत नाही.

८ फेब्रुवारी

पत्र्यावर पाऊस पडला की शेजारचं माणूस ओरडलं तरी ऐकू येत नाही. तान्ह्या पोराचा आवाज तो केवढा! पत्रा रद्द.

११ फेब्रुवारी

सुदामला नवीन घर दिसलं. डब्याचं! पळस्प्याला रस्त्याच्या कामावर साहेबलोक बसतात ना, लोखंडी डब्यात, तसलं. ट्रकवरून येतं, ठेवलं की झालं. दोन लाखांच्या वर थोडे. खिडकी, दार, पंखा सगळं लावूनच येतं.

"एका दिवसात घर, आये! रूपा उद्या यील."

"आणि बाळंतिणीला शेक द्यायला शेगडी पेटवायची ती कुठं?"

"आत."

"मग बाळंतीण पण भाजून निघंल."

सुनेने तोंडात पदर कोंबला. मनिषा माझी गुणाची. सुदाम रागावून विहिरीवर गेला. जाताना म्हणाला, "तुला घर नको हाय, तुला रूपा हवी हाय." 

आता यात रागावण्यासारखं काय? खरं तेच बोलला.

१५ फेब्रुवारी

मनिषा ज्या फार्महाऊसवर झाडलोट करते त्या कमलाकर साहेबांनी मला बोलावलं. घर बांधताय म्हणे, आजी, या बघायला. त्यांचं घर जांभ्या दगडाचं. लाल दगड, खाली महाडकडून ट्रक भरभरून आणलेला. वर कौलं. उन्हाळ्यात गार. मी भिंतीला गाल लावून बघितला, खरंच गार.

साहेब चांगले. चहा स्वतः ओतला. मग म्हणाले, "आजी, एक गोष्ट लक्षात ठेवा, घराचा हिशेब चौरस फुटावर करायचा. मला साडेतीन हजार पडले."

मी म्हटलं, "एवढ्यात एवढं घर?"

"एका फुटाला, आजी."

मी खाली बघितलं. माझी दोन पावलं त्यांच्या फरशीवर होती. उचलून बाहेर ओट्यावर ठेवली. साहेबांना काय झालं ते कळलं नाही, पण मनिषा वाटेत इतकी हसली की तिला उचकी लागली.

घर मोठं. खोल्या चार. मुलगा अमेरिकेला. साहेब शनिवारी येतात, रविवारी जातात. साहेबांच्या बाई म्हणाल्या, "नातू तीन वर्षांचा झाला, अजून हे घर बघितलं नाही त्याने." असं बोलताना त्या नातवाच्या खोलीचं दार लावत होत्या. दार लावायचा आवाज पण भारी, मऊ. आमचं दार कुरकुरतं.

त्या बाईला माझं काय ते कळलं असतं. पण मी उठून मनिषाला हाक मारली.

१६ फेब्रुवारी

स्लॅब. ठरलं. वरचे पन्नास हजार सुदाम कमावून घालणार.

२० फेब्रुवारी

आज घर उतरवलं. दुसरी जागा नाही, त्याच जागेवर नवीन बांधायचं. कौलं उतरवली, वासे काढले, कूड पाडला. एवढ्या वर्षांचं घर दुपारच्या भाकरीच्या आत अंगणात निजलं. चांगल्या होत्या त्या कारव्या घेऊन सुदामने बाजूला जांभळीखाली एक खोपी केली. मी आणि मनिषाने लिंपली. तेवढ्यात राहायचं, घर होईस्तोवर. चूल, गोधड्या आणि आम्ही तिघं. 

रूपाने लहानपणी कुडाच्या एका फटीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे कोंबून ठेवले होते. निघाले. हिरवे. शशिकला म्हणते, लिहू का? लिही, काय बिघडतंय.

२४ फेब्रुवारी

वही, इकडे ये. जवळ. हे सुदामला सांगायचं नाही.

काल सुदामने चुन्याच्या फक्कीने जोत्याच्या रेषा मारल्या. पांढऱ्या, सरळ. मंजूर माप तेवढंच. मी बघत राहिले. एक खोली, एक पडवी, चुलीपुरती जागा. आणि न्हाणी? म्हटलं, अंघोळ? तर म्हणे, "बाहेर, पोत्याच्या आडोशाला, आता करतो तशीच."

बाळंतीण पोत्याच्या आडोशाला?

आज तो कामावर गेला, मनिषा फार्महाऊसवर. मी पाय घासून मागची रेषा पुसली. उरलेली फक्की घेतली आणि चार हात मागे नवी रेषा ओढली. रांगोळी मला चांगली येते. सुदामपेक्षा सरळ आली!

शशिकला हसतेय. अगं, लिहिताना हसू नको, मुंग्या वाकड्या पडतील.

२५ फेब्रुवारी

खणणारे आले. रेषेवर खणलं. कोणाला काही कळलं नाही.

२ मार्च

शशिकलाने काल विचारलं, "एवढा काय न्हाणीचा सोस?" काल सांगितलं नाही. आज सांगते.

माझी बाळंतपणं वीटभट्टीवर झाली. दिवाळी झाली की आम्ही भट्टीवर, पावसाला परत. रूपाच्या वेळी कच्च्या विटांच्या थप्पीमागे मी निजले होते. माझी आई दुसऱ्या भट्टीवर, खोपोलीच्या बाजूला. तिला निरोप गेला तोवर रूपा हसायला लागली होती. अंगावर पाणी घालायला कोणी नव्हतं. मालकाच्या पिंपातलं गार पाणी, तेही चिखल कालवायचं. मीच घेतलं, मीच ओतलं.

आई शेवटपर्यंत म्हणायची, "तुला एकदा पाटावर बसवून न्हाऊ घालायची राहिली गं." मला त्याचं काही नव्हतं. तिलाच होतं. आता रूपाचं आलं तर मला कळलं ते काय असतं. दगडावर बसवावी, पाठीला तेल चोळावं, कढत पाणी तांब्या तांब्याने सोडावं, ती ओरडेल "आये, भाजतंय!" आणि मी म्हणेन, गप बस.

एवढंच. याला किती चौरस फूट लागतात, साहेबांना विचारायचं राहिलं.

१४ मार्च

शिमगा. होळी पेटली, पोरं नाचली. रूपा येते म्हणाली होती. ऊन फार म्हणून परेशने पाठवली नाही. तिच्यासाठी काढून ठेवलेली पुरणाची पोळी मी खाल्ली. राग आला की मला भूक लागते.

२९ मार्च

घरकुलाचे साहेब टेप घेऊन आले. जोतं मोजलं. परत मोजलं. कागद बघितला.

"हे तर मंजूर मापापेक्षा मोठं आहे! कोणी आखलं?"

सुदाम म्हणाला, "मीच." आणि स्वतःच रेषेकडे बघत राहिला. बिचारा. मी खोपीच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. निवडलेलेच परत निवडले.

साहेब म्हणाले, "फोटो काढतो मी, मोठं बांधलंत ते तुमचं तुम्ही. पण पैसे तेवढेच येणार." गेले.

मग सुदाम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्या हाताकडे बघितलं, मग जोत्याकडे. म्हणाला, "आये, रेषा मात्र सरळ मारलीस."

मेल्याला सगळं कळलं होतं. कधीपासून, देव जाणे.

१२ एप्रिल

भिंती झाल्या. विटांच्या! मी हात फिरवला. आयुष्यभर विटा पाडल्या, ओल्या असताना, भाजलेल्या असताना, डोक्यावरून वाहताना — पण एकावर एक बसलेल्या, आपल्या, अशा कधी हाताला लागल्या नव्हत्या. न्हाणीच्या भिंतीशी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले.

आणि पैसे संपले. न्हाणीने खाल्ले. जास्तीच्या विटा, जास्तीचं सिमेंट. भिंतींच्या फोटोचे येतील त्यात नुसती सळई-खडी होईल; सेंट्रिंगचं भाडं आणि स्लॅब ओतणारी माणसं राहिलीच. सुदामने रात्रंदिवस काम धरलं तरी पावसाआधी होणार नाही.

तो म्हणाला, "आये, आता पत्रा घालू. पुढच्या साली स्लॅब."

पुढच्या साली! पोर काय पुढच्या साली होणार आहे?

मी न्हाणी केली म्हणून स्लॅब गेला. स्लॅब गेला म्हणून रूपा गेली. बाळंतिणीसाठी जागा केली आणि बाळंतीणच घालवली. हसायचं तर हस, वही. तुझी पाळी आहे.

१३ एप्रिल

आज शशिकलाला म्हटलं, नको लिहू. ती बसून राहिली. मग आम्ही दोघींनी चिंचा फोडल्या. जाताना तिने एवढंच लिहिलं.

१५ एप्रिल

परेशला फोन लावला. मी! मनिषाने नंबर फिरवला आणि माझ्या कानाशी धरला, नाहीतर मी ठेवून दिला असता.

"जावईबापू," म्हटलं, "स्लॅबचं जरा अडलंय. पत्रा घातला तर चालंल?"

तो म्हणाला, "नाय चालणार, मामी."

"तुमचं काय जातंय? मी तिच्या उशाशी बसून राहीन!"

"माझी आई पण माझ्या उशाशीच निजली होती."

मला कळेना. मग रूपाने फोन घेतला आणि बाजूला जाऊन सांगितलं. परेश कर्जतकडच्या वाडीतला. सात वर्षांचा असताना कुडाच्या फटीतून मण्यार आत आली. त्याच्या आईला डसली. मण्यार डसते ती कळत पण नाही म्हणतात. पोर सकाळी आईला हलवत बसलं होतं. पत्रा घातला की भिंतीच्या डोक्याशी पण फट राहते, म्हणून स्लॅबच हवा.

रूपा म्हणाली, "आये, ते कुणाला सांगत नायत. तू पण सांगू नको." 

मी कोणाला सांगत नाही. तुला सांगते, वही. तू तशीही विसरतेस.

डोकं चढलंय म्हटलं होतं ना मी? ते खोड, शशिकला. नाही नको खोडू. असू दे. मी बोलले होते.

२० एप्रिल

रविवार. परेश आला! एकटा. सांगून नाही, मोटारसायकल थेट जोत्याशी. टेप काढली. भिंती मोजल्या, वर चढला, विटा ठोकून बघितल्या. न्हाणीत जाऊन उभा राहिला.

"मामी, हे काय?"

"न्हाणी."

"एवढी मोठी?"

"दोघीजणी मावायला हव्यात. एक बसणारी, एक पाणी घालणारी."

तो बघत राहिला. मी बसायचा दगड आधीच आणून ठेवलाय, पाताळगंगेतला, गुळगुळीत. त्याने पायाने हलवून बघितला, हलत नव्हता. दगडाभोवतीच्या जमिनीला असा ढाळ द्यायला हवा म्हणाला, पाणी मागे जायला. वाकून बोटाने दाखवला. बराच वेळ वाकलेलाच होता.

मग चहा न पिता गेला.

२१ एप्रिल

चहा न पिता गेला म्हणजे काय समजायचं?

२३ एप्रिल

रूपाचा फोन. "आये, यांच्या मुकादमाकडे जुन्या प्लेटा पडून हायत. भाडं नको म्हणाला. गँगमधली पोरं एका रविवारचं काम करतील, जेवणावर. सळई-खडीचं सुदामदादाने बघायचं." 

जेवणावर! ऐकलंस? कोंबडा, तांदळाची भाकर. सासऱ्यांच्या वेळचाच भाव निघाला. गूळ तेवढा वाचला.

मी म्हटलं, "आणि तू?"

"स्लॅब झाल्यावर तीन आठवडे प्लेटा काढता येत नायत, आये. रोज पाणी मारून पिकवायचा असतो. घर तोपर्यंत बंदच. माझे दिवस त्याच्या आधी भरतील."

"म्हणजे?"

"म्हणजे पोर कामोठ्यातच. मग येऊ आम्ही, महिन्या-दोन महिन्यांनी."

स्लॅब पिकायला तीन आठवडे. हे कुठल्याच दुकानदाराने सुदामला भावात सांगितलं नव्हतं.

४ मे

प्लेटा आल्या, टेकू लागले. घरात आता माणूस शिरत नाही, नुसते बांबूंचे पाय. न्हाणीत पण सात टेकू. माझा दगड मध्ये अडकलाय, गर्दीत सापडलेल्या म्हातारीसारखा.

परेश रोज संध्याकाळी येतो, काम करून जातो. आज चहा प्याला. मी मुद्दाम म्हटलं, "साखर जास्त झाली का?" तर म्हणे, "मामी, तुमच्या तोंडाच्या मानाने कमीच हाय." मनिषा विहिरीपर्यंत हसत गेली. मला पण आलं हसू, पण मी चुलीकडे तोंड केलं. जावयाला एवढ्यात दाखवायचं नसतं.

परवा जाताना खोपीच्या भिंतीभोवती फिरून फटी बघत होता. बॅटरी लावून. त्याला वाटलं, मी बघत नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि मनिषाने परत सगळीकडून लिंपलं, बोट शिरणार नाही असं. कोण येणार आहे त्यात? आम्हीच. तरी लिंपलं.

७ मे

मला घर हवं होतं का? आज बसल्या बसल्या हाच विचार. पत्रा, स्लॅब, डबा, जांभा, सगळ्यांचे भाव ऐकले. प्रत्येक वेळी मनात एकच — यात रूपा निजलेली कशी दिसेल? साहेबांच्या गार भिंतीला गाल लावला तेव्हा पण तेच. दुसरं काही सुचलंच नाही. सुदामला, मनिषाला घर हवंय, बिचारी राबतात. त्यांना कधी विचारलं मी, कुठलं आवडतं? आज मनिषाला विचारलं. म्हणाली, "मला कडी लागणारं दार हवं, आये. आतून." एवढीशी गोष्ट. लावू म्हटलं, दोन लावू.

रूपाचं पोट खाली उतरलंय, फोनवर आवाजावरूनच कळतं. आई झालेल्या बाईला कळतं. तिथे तिला कोण न्हाऊ घालणार? शेजारीण म्हणे चांगली आहे. असेल. शेजारणीला पाणी किती कढत लागतं माझ्या लेकीला, ते ठाऊक आहे का?

१० मे

उद्या स्लॅब. चार कोंबडे, दहा शेर तांदूळ. वाडीतल्या सगळ्या बाया भाकरी थापायला येतात म्हणाल्या. रोज न घेता! भागीचा स्लॅब म्हणजे तमाशा, फुकट बघायला मिळतोय, सोडतात कशाला.

रूपा पण येणार. परेशच्या गाडीवर नाही, रिक्षाने. दिवसापुरती. दिवेलागणीच्या आत परत.

११ मे

सकाळ. मिक्सर घुरघुरतोय. रूपा आली! बसलीय माझ्यासमोर, पाय पसरून, कैरी खात. शशिकला, आता पुरे, मिट वही. मला तिच्याकडे बघू दे.

१३ मे, पनवेल, दवाखाना

वही वाडीत राहिली. कागद नर्सबाईंचा, अक्षर जावयाचं. शशिकला, अक्षराला हसू नको, तो आत्ता अंग चोरून लिहितोय. हा कागद सुदाम आणतोय. मनिषाला वाचून दाखव आणि मग वहीत चिकटव.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

तुम्ही सगळ्यांनी बघितलंच, स्लॅब अर्धा ओतून झाला आणि रूपाच्या कळा सुरू झाल्या. परेश वरून उडी टाकणार होता. तर ही टेम्पोत बसता बसता ओरडली, "उतरू नका! अर्ध्यावर सोडला तर सांध्यातून गळंल. आये हाय माझ्याबरोबर." तो स्लॅब पुरा करून आला. सिमेंटच्या हातांनीच. नर्सबाईंनी हात धुवून आणायला परत पाठवला.

आता स्लॅबला तीन आठवडे पाणी मारायचं. सुदाम दोन दिवसांत विसरेल, असं परेशच म्हणतो. म्हणून मुकादमाला सांगून हा वाडीत राहणार. मग बाळंतीण कामोठ्यात एकटी कशी ठेवायची? मी काही बोलले नाही, सगळ्यांसमोर सांगते. मी छताकडे बघत बसले होते. हाच म्हणाला, "खोपीतच नेऊ, मामी. फटी मी बघितल्यात. दारात मी निजतो."

लिहा, जावईबापू, हे गाळू नका. लिहिलंत? परत वाचा. हं.

उद्या सोडतात. मनिषा, मोठं पातेलं घासून ठेव आणि जांभळीमागे आडोसा बांध, पोत्याचाच बांध, जाड बघून. आणि आज सुदामच्या हाती डबा पाठव. नाचणीची भाकर, मऊ. कुळथाचं कढण. मुठ्यांचा रस्सा, पण खेकडे नदीचे पकडायला सांग, डबक्यातले नकोत. कवचं ठेचून नीट गाळ, मीठ कमी घाल, तिखट अजिबात नको. परेशसाठी वेगळा काढ, झणझणीत. परवापासून नुसत्या चहावर आहे मेला.